ठाण्यात थीसिस करताय? आकडे एनएफएचएसचे, एचएमआयएसचे की स्वतःचे

सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, भरायचे दिवस आले की एमडी पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यक), एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) आणि कम्युनिटी हेल्थ नर्सिंगची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात: डेटा तयार घेऊ की स्वतः गोळा करू? तयार म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात दोन नावं असतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे एनएफएचएस आणि आरोग्य खात्याच्या मासिक अहवालांची प्रणाली म्हणजे एचएमआयएस. स्वतः म्हणजे वही-टॅब घेऊन घरोघर. मग पुढचा प्रश्न, यातलं जास्त ऑथेंटिक कुठलं?

गाईडना हे विचारू नका, कारण तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. ठाणे जिल्ह्यात काम करायचं तर आधी हे बघा की आकड्याची हद्द कुठली आणि तुमच्या विषयाची हद्द कुठली. इथे जिल्ह्याची सीमा, शहराची सीमा आणि माणसं उपचाराला जिथे जातात ती सीमा, या तिन्ही एकमेकींवर कधी बसतच नाहीत. मी संख्याशास्त्र शिकवते, आणि थीसिसची कामं फॉर्म्युल्यात अडलेली फार कमी पाहिलीत. अडतात ती इथे.

जिल्ह्याचंच घ्या. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांचा. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. त्याच जनगणनेच्या हिशोबानं सुमारे 30 लाख लोक तिकडे गेले आणि 81 लाखांच्या आसपास इकडे राहिले. पण तिकडे नुसती माणसं गेली नाहीत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हे आदिवासी तालुके गेले. इकडे शहापूर आणि मुरबाड सोडले तर उरल्या सहा महापालिका आणि त्यांच्या मधल्या पट्ट्या.

आता एनएफएचएसची चौथी फेरी झाली 2015-16 मध्ये, म्हणजे पालघर झाल्यानंतर. तरी तिनं जिल्हे धरले 2011 च्या जनगणनेचे, महाराष्ट्राचे 35. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, 36. त्यामुळे चौथ्या फेरीचं 'ठाणे' जव्हार-मोखाड्यासकट आहे आणि पाचव्या फेरीचं त्यांच्याशिवाय. दोन फेऱ्यांच्या फॅक्टशीट, म्हणजे जिल्ह्याच्या ठळक आकड्यांचे तक्ते, शेजारी ठेवून 'ठाण्यात वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण घटलं' असं लिहिलंत, तर त्यातली किती घट मुलं वाढल्यामुळे आणि किती तालुके गेल्यामुळे, हे तुम्हाला सांगता येणार नाही. तुमचा विषय दोन फेऱ्यांची तुलना असाच असेल तर मूळ कुटुंबनिहाय डेटा घ्यावा लागेल आणि पाचव्या फेरीतलं ठाणे व पालघर एकत्र करून, वेटिंग (प्रत्येक नोंदीला तिचा भार) लावून, चौथ्याशी तोलावं लागेल. होतं ते. पण स्टाटा किंवा आर यांपैकी एक सॉफ्टवेअर हातात बसलेलं हवं.

हा मूळ डेटा जगभरचे विद्यार्थी अमेरिकेतल्या डीएचएस या देशोदेशीच्या आरोग्य-सर्वेक्षणांच्या कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून घेत आले. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारनं यूएसएडची, म्हणजे आपल्या परदेश-मदत संस्थेची, मदत तोडली आणि त्या कार्यक्रमाचं काम अडलं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचं आरोग्य-सर्वेक्षण त्याच एका धाग्यावर लटकलेलं होतं. आपलं बरं म्हणायचं, कारण आपल्याकडे सर्वेक्षणाची सूत्रं पहिल्या फेरीपासून, 1992-93 पासून, इथल्याच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहेत. वाशीहून हार्बर पकडा, गोवंडीला उतरा. तिथे डेटासाठी रीतसर अर्ज करता येतो.

नवी मुंबईवाल्यांसाठी आणखी एक. बेलापूर सुटलं की पुढचं स्टेशन खारघर, आणि तेवढ्यात जिल्हा बदललेला असतो. दिघा ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, महापालिका नवी मुंबई. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये, महापालिका पनवेल. 'नवी मुंबईतील मातांमधील रक्तक्षय' असं शीर्षक ठेवून खारघरच्या सेक्टरांत फिरलात आणि पार्श्वभूमीला ठाण्याचा एनएफएचएस लावलात, तर परीक्षकानं तिथेच पेन ठेवावं. शीर्षकात वॉर्ड लिहा. शहर लिहू नका.

एनएफएचएस: चांगलं कुठे, तोकडं कुठे

याचं बळ एका वाक्यात: माणूस दवाखान्यात गेला असो वा नसो, तो मोजला जातो. घरी जाऊन विचारतात, पाचव्या फेरीपर्यंत बोटाला टोचून हिमोग्लोबिनही बघत, रक्तदाब आणि साखर मोजतात. खासगीत लस घेतलेलं मूलही यात येतं आणि कुठेच न गेलेली बाईही. फॅक्टशीटवर एक ओळ असते, बहुतांश लसी सरकारी केंद्रात घेतलेल्या मुलांचं प्रमाण, आणि तिच्याखाली खासगीची. ती ओळ वाचल्याशिवाय शहरी लसीकरणावर एक शब्द लिहू नये असं माझं मत आहे.

तोकडेपणा नमुन्यात आहे. पाचव्या फेरीत देशभरात 6,36,699 कुटुंबं आणि 707 जिल्हे. भागाकार करा, जिल्ह्यामागे साधारण 900 कुटुंबं येतात. तुमच्या 81 लाखांच्या ठाण्यालाही साधारण तेवढीच आणि गडचिरोलीलाही तेवढीच. आता 900 कुटुंबांत 12 ते 23 महिन्यांची मुलं किती निघणार? समजा साठ. साठ मुलांवर 75 टक्के पूर्ण लसीकरण आलं तर 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा, 64 ते 86 अशी पडते, आणि समूह-नमुन्यामुळे (घरं सुटी न निवडता वस्तीच्या गटांनी निवडल्यामुळे) प्रत्यक्षात ती याहून रुंद असते. त्या 22 टक्क्यांच्या पट्ट्यात तुम्ही 'गेल्या वेळपेक्षा 4 टक्के सुधारणा' शोधताय. फॅक्टशीटवर काही आकडे कंसात दिसतात, ते 25 ते 49 जणांवरचे. जिथे तारांकन आहे तिथे 25 पेक्षाही कमी होते. विद्यार्थी कंस गाळून आकडा उतरवतात. कंस हीच तर माहिती आहे!

आणि जिल्ह्याच्या खाली एनएफएचएस जात नाही. तुर्भे वेगळं, नेरूळ वेगळं, शहापूर वेगळं असं काही मिळणार नाही. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम कोविडच्या आधीच उरकलं होतं, त्यामुळे साथीनंतरचं काही सांगायचं असेल तरी ती फेरी उपयोगाची नाही.

एचएमआयएस: दर महिन्याला, पण कोणाचं?

2008 पासून ही प्रणाली चालू आहे. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक केंद्र दर महिन्याला आकडे भरतं. एनएफएचएसचे आकडे वर्षानुवर्षांच्या अंतरानं येतात, इथे बारा महिन्यांचे बारा. हंगाम बघायचा असेल, एखादी योजना सुरू झाल्यावर बाळंतपणं वाढली का हे बघायचं असेल, लॉकडाऊनमध्ये लसीकरण किती बसलं हे बघायचं असेल, तर दुसरं काही कामाचं नाही.

पण हे माणसांचे आकडे नाहीत, घटनांचे आहेत, आणि घटना जिथे घडली तिथे लिहिली जाते. शहापूरची बाई अडली, तिला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवलं, तर बाळंतपण ठाणे महापालिकेच्या खात्यात. तिथूनही पुढे मुंबईला नेलं तर जिल्ह्याबाहेर. परिणाम असा की ग्रामीण भागात संस्थात्मक प्रसूती कमी दिसतात, मोठ्या रुग्णालयाच्या शहरात जास्त, आणि गुंतागुंतीच्या केसेस तर सगळ्या तिथेच गोळा झालेल्या. यावरून 'शहरात मातामृत्यू जास्त' असा निष्कर्ष काढणारी सिनॉप्सिस मी वाचली आहे. मृत्यू शहरात झाला, बाई शहरातली नव्हती.

छेदाचं दुखणं आणखी वेगळं. लसीकरणाची टक्केवारी काढायला भागायचं कशानं? वर्षात अपेक्षित असलेल्या बाळांच्या संख्येनं, आणि ती येते 2011 च्या जनगणनेवरून पुढे ओढलेल्या अंदाजातून. 2021 ची जनगणना झालीच नाही. घोडबंदर रोडला, दिव्याला, घणसोलीला 2011 नंतर काय उभं राहिलं ते डोळ्यांनी दिसतंच. म्हणून कुठे 112 टक्के लसीकरण निघतं, आणि जिथे मुलं खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जातात तिथे 60 टक्के. दोन्ही आकडे प्रामाणिकपणे भरलेले असू शकतात. ओस्लो विद्यापीठात तयार झालेली, आरोग्याचे आकडे भरायची डीएचआयएस-2 प्रणाली वापरणाऱ्या आफ्रिकी देशांतही शंभराच्या वरची टक्केवारी हे रोजचंच रडगाणं आहे. नर्सनं चूक केली असं समजून तिच्यावर घसरू नका.

नोंदवहीच एकदा उघडून बघा. प्रसूती रजिस्टरचा बाळाच्या वजनाचा रकाना वरून खाली वाचत या: 2.8, 2.5, 2.5, 3, 2.5, 2.6, 2.5. कमी वजनाची व्याख्या अडीच किलोच्या आत अशी आहे. म्हणजे 2.46 चं बाळ काट्यावर 'अडीच' झालं की ते कमी वजनाच्या यादीतून गेलं. हा गोळाबेरजेचा कल मोजता येतो, आणि खरं सांगायचं तर तो स्वतःच एक चांगला थीसिस आहे: एका केंद्राची वर्षभराची वजनं, नेमकी 2.5 किती, शेजारच्या किमती किती. फिरायचं नाही, खर्च नाही, आणि केंद्रालाही उपयोग. पण कुणी घेत नाही, कारण विषय भारदस्त वाटत नाही.

तर एचएमआयएस घ्यायचंच असेल तर एकच केंद्र किंवा एकच महापालिका धरा आणि काळाबरोबरचा बदल बघा. दोन ठिकाणांची आपसात तुलना करू नका. वर्ष एप्रिल ते मार्च असतं हे लक्षात ठेवा, मधे फॉर्मचे रकाने बदलले आहेत तेही तपासा, आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य की न भरलेला, हे त्या केंद्रातल्या सिस्टरना विचारूनच ठरवा. केंद्रपातळीचा तपशील हवा असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाची लेखी परवानगी लागेल. अर्ज सिनॉप्सिसच्या आधी टाका, नंतर नाही.

एसआरएस, म्हणजे नमुना नोंदणी पद्धत, हाही पर्याय मुलं काढतात. ती राज्यापर्यंतच थांबते, जिल्हा देत नाही, त्यामुळे तुमच्या कामाला प्रस्तावनेपुरती. मात्र प्रस्तावनेत बालमृत्युदर लिहिताना स्रोत मिसळू नका. महाराष्ट्राचा दर एसआरएसनं 2020 साठी 16 दिला आणि एनएफएचएस-5 नं 23. एक त्या वर्षाचा आहे, दुसरा सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांवरचा, आणि मोजायच्या पद्धतीही निराळ्या. पहिल्या पानावर 16 आणि चर्चेत 23 लिहिलंत की तोंडी परीक्षेत अर्धा तास त्यातच जातो.

स्वतःचं सर्वेक्षण

वॉर्डपातळीवर काही सांगायचं असेल तर याला पर्याय नाही. नमुना-संख्येचा हिशोब तोंडपाठ असतो, 4पीक्यू भागिले एल वर्ग (पी अपेक्षित प्रमाण, क्यू शंभरातलं उरलेलं, एल चालणारी चूक). प्रमाण 50 टक्के आणि चूक 5 टक्के धरली तर 400, समूह-नमुन्यासाठी दुप्पट केली तर 800. एकट्यानं 800 घरं नोकरी सांभाळून होत नाहीत. लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी 30 समूह गुणिले 7 मुलं ही पद्धत आहे, 210 मुलं, अधिक-उणे 10 टक्क्यांची अचूकता. विकसनशील देशांत हात आणि पैसा कमी असतो हे धरूनच ती बांधली होती. 210 जमतात.

अवघड आहे ती यादी, जिच्यातून घरं निवडायची. मतदारयादीत नाक्यावरचा मजूर नाही. मालमत्ता कराच्या यादीत दिघ्याची झोपडी नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीत पाम बीच रोडवरचा टॉवर नाही. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो पल्स पोलिओचा मायक्रोप्लॅन, म्हणजे मोहिमेचा घरोघरचा आराखडा. त्यात बांधकामाच्या साइट, पदपथावरची कुटुंबं, पालं टाकून राहिलेले, सगळे असतात, कारण ते सुटले तर मोहीमच फसते. दारावर खडूनं लिहिलेलं पी किंवा एक्स आणि तारीख दिसते ना, ती त्याच आराखड्यातली. नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तो मिळू शकतो.

टॉवरमध्ये मात्र वॉचमनच्या पुढे जाता येत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी पत्र, कॉलेजचं ओळखपत्र आणि रविवारची सकाळ, एवढं करूनही काही घरं नाही म्हणतातच. कोपरखैरण्यात दोघंही कामावर, दुपारी कुलूप. बंद घर वगळून शेजारचं घेतलंत की घरी बसणाऱ्यांचाच अभ्यास होतो. दुसऱ्या फेरीला परत जा, आणि किती घरं शेवटपर्यंत मिळाली नाहीत ते प्रबंधात लिहा. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकही फॉर्म भरू नका, आणि संमतिपत्र मराठीबरोबर हिंदीतही ठेवा, तुर्भे स्टोअरला त्याशिवाय भागत नाही.

एका वर्षात, एकट्यानं, वॉर्डपातळीवर काम करणाऱ्याला मी हेच सुचवते: 210 चं स्वतःचं सर्वेक्षण आणि मागे तुलनेला एनएफएचएस, तीही विश्वासमर्यादेसकट. नोकरीमुळे फिरणं शक्यच नसेल तर एका केंद्राचं एचएमआयएस. एनएफएचएसचा मूळ डेटा त्यांनीच घ्यावा ज्यांना सॉफ्टवेअर येतं आणि ज्यांचा विषय राज्यपातळीचा किंवा दोन फेऱ्यांच्या तुलनेचा आहे.

विषय क्षयरोग असेल तर मात्र यातलं काहीच नको. तिथे क्षयरुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल निक्षय आहे, 2012 पासूनचं, आणि क्षयरोग कार्यक्रमात मोठ्या महापालिका स्वतंत्र जिल्ह्यासारख्या धरल्या जातात, म्हणून नवी मुंबईचा आकडा ठाण्यापासून आयता वेगळा मिळतो. खासगी डॉक्टरांनाही रुग्ण कळवणं बंधनकारक आहे. फक्त रुग्ण नोंदवला कुठे आणि राहतो कुठे, हे दोन रकाने वेगळे मागून घ्या.