मॅमोग्राफी: दुखतं, पण दाब कमी करायला सांगू नका

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा कर्करोग शोधणारी क्ष-किरण तपासणी. तिच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार दाबाची, आणि ती खरी आहे. स्तन दोन पाट्यांमध्ये चेपला जातो, काहींना चांगलंच दुखतं. पण दाबाने ऊती पसरतात, एकमेकींवर पडलेल्या सावल्या सुट्या होतात, फोटो हलत नाही आणि क्ष-किरणही कमी लागतात. एका फोटोला काही सेकंद. प्रत्येक बाजूचे दोन, एक वरून आणि एक तिरपा, असे एकूण चार फोटो.

तिरप्या फोटोतच तंत्रज्ञाचा हात कळतो. त्यात काखेकडचा भाग आणि छातीचा स्नायू यायलाच हवा. खांदा आखडून धरला तर मागची गाठ चौकटीबाहेर राहू शकते. खांदा सैल सोडा, सांगतील तेव्हा श्वास रोखा.

पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर नको. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच परत बोलावणं येतं. आधी तपासणी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नव्हे, जुने फोटो न्या. जुन्याशी ताडून पाहिल्यावरच नवं काय ते कळतं. जे केंद्र आपण होऊन जुने फोटो मागतं, त्याला आमचे जास्त गुण.

मोठी उणीव दाट, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असलेल्या स्तनांची. दाट ऊती फोटोत पांढऱ्या, गाठही पांढरी, लपते. अशा वेळी थ्रीडी मॅमोग्राफी (वेगवेगळ्या कोनांतून थराथराने फोटो) किंवा जोडीला सोनोग्राफी उपयोगी पडते. ‘ना दाब, ना किरण’ अशी जाहिरात होणारी थर्मोग्राफी, म्हणजे त्वचेच्या उष्णतेचा फोटो, मात्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. पैसे वाचवा.

रिपोर्टवरचा बायरॅड्स आकडा, म्हणजे कर्करोगाचा संशय किती ते सांगणारा, नीट वाचा. 0 म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, तर ‘अजून फोटो हवेत’. पुन्हा बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना कर्करोग निघत नाही. 1 आणि 2 निर्धास्त. 3 असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. 4 किंवा 5 ला बायोप्सी (ऊतीचा लहान तुकडा काढून तपासणं) टाळू नका.

कधी सुरू करायची? कुठे 40 पासून, कुठे 50 पासून, दर एक ते तीन वर्षांनी. घरात आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा. आणि हाताला गाठ लागत असेल, त्वचा ओढली गेली असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर नेहमीच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट स्वच्छ असला तरीही.