पाणीपुरवठ्याचा सर्व्हर बदलायचाय: नास घ्यावा, दुसरी साइट उभी करावी की क्लाउडवर जावं?

बऱ्याच नगरपालिकांच्या पाणीपुरवठा विभागात सध्या एकच रड आहे. सर्व्हर दहा वर्षांचा म्हातारा, त्यावरच्या विंडोज सर्व्हर २०१२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलेला, पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर एसक्यूएल एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर चालतंय आणि त्या जुन्या एडिशनला डेटाबेसची १० जीबीची मर्यादा आहे ती भरत आलीय, आणि साहेबांच्या टेबलावर तीन वेंडरची तीन कोटेशनं. एक म्हणतो नास घ्या (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा, डेटा नि बॅकअप ठेवायला), दुसरा म्हणतो फिल्टर हाऊसला (जलशुद्धीकरण केंद्रात) दुसरा सर्व्हर ठेवा, तिसरा म्हणतो सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, टाका नि निवांत झोपा. मी हे काम बरीच वर्षं करतोय, एकदा सर्व्हर पुरात पण घालवलाय, त्यामुळे जसं आहे तसं लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सर्व्हर बंद पडला म्हणून नळाचं पाणी बंद पडत नाही. पंप पॅनेलवरून हाताने चालू करता येतो, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे व्हॉल्व्हमनला तोंडपाठ असतं, क्लोरीनचा डोस लॉगबुकात पेनाने लिहिता येतो. बंद पडते ती पाणीपट्टी. अमेरिकेत अमेरिकन वॉटर ही तिथली मोठी पाणी कंपनी, तिच्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हाही हेच झालं, ग्राहकांचं पोर्टल नि बिलिंग थांबवावं लागलं, पाणी चालूच होतं. आपल्याकडे हे मार्चमध्ये झालं, म्हणजे वसुलीची पथकं दारोदार फिरतायत आणि कुणाची थकबाकी किती हेच दिसत नाहीये, तर काय होईल ते मी सांगायला नको.

म्हणून कोटेशन उघडायच्या आधी दोन आकडे ठरवा. पहिला, किती वेळाचा डेटा गेला तर पुन्हा हाताने भरता येईल, याला आरपीओ म्हणतात. दुसरा, किती वेळात सिस्टीम परत उभी राहिली पाहिजे, तो आरटीओ (हो, लायसन्सवाला नाही). पाणीपट्टीच्या काउंटरला पावतीची कार्बन कॉपी राहत असेल तर एक दिवसाचा डेटा गेला तरी दोन क्लार्क बसून भरू शकतात. पण लोक ऑनलाइन भरत असतील तर तासाभराचा गेला तरी ओरड होते, कारण पैसे खात्यातून गेलेत आणि तुमच्याकडे नोंद नाही.

आता साइज. वेंडर तुम्हाला ४० टीबी विकायला बघतोय पण गणित करून बघा. समजा स्काडाचे (पंप, टाक्यांवर दुरून नजर ठेवणारी सिस्टीम) २०० टॅग, म्हणजे मोजमापाचे पॉइंट, आहेत, टाक्यांची लेव्हल, फ्लो मीटर, प्रेशर, क्लोरीन वगैरे, आणि दर ५ सेकंदाला एक रीडिंग. एका टॅगची दिवसाला १७,२८० रीडिंग, सगळ्यांची मिळून साधारण साडेचौतीस लाख. एका रीडिंगला १६ बाइट धरले तर दिवसाला ५५ एमबी, वर्षाला २० जीबी. बस्स. चाळीस हजार नळजोडण्यांचं बिलिंग पण काही जीबींतच बसतं. जागा खातात ती ड्रोन सर्व्हेची चित्रं, जीआयएसचे नकाशे नि स्कॅन केलेले अर्ज. आणि सीसीटीव्ही, पण त्याचा बॅकअप कृपा करून घेऊ नका, तो त्याच्या डीव्हीआरमध्येच सुखाने पुसला जाऊ दे.

पहिला पर्याय, ऑफिसातच चार-सहा डिस्कचा नास. स्वस्त, एकदाच खर्च, आपल्याच माणसाला चालवता येतो. फाइल परत आणायची तर गिगाबिट नेटवर्कवर १ टीबी अडीच-तीन तासांत येतो, या बाबतीत याच्या जवळपास कुणी नाही. रेड म्हणजे एखादी डिस्क मेली तरी डेटा राहील असा तो सगळ्या डिस्कांवर पसरवून ठेवायची पद्धत. रेड ६ मागा, त्यात दोन डिस्का गेल्या तरी चालतं, एकच सोसणारा रेड ५ नको, कारण एक डिस्क गेल्यावर नवी भरेपर्यंत बाकीच्यांवर लोड येतो आणि एकाच खोक्यातून आलेल्या डिस्का आजारी पण एकदमच पडतात. पण रेड म्हणजे बॅकअप नाही. डिस्क मेली तर रेड वाचवेल, खोलीत पाणी शिरलं तर सगळ्या डिस्का मिळून बुडतील.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. कृष्णाकाठचं गाव, सर्व्हर तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत. २००५ चं पाणी त्या इमारतीच्या पायरीपर्यंत आलं होतं म्हणून कुणीतरी हुशारीने दोन फुटांचा ओटा बांधून सर्व्हर त्यावर ठेवलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५, म्हणजे २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. ओटा गेला पाण्याखाली. पाणी उतरल्यावर खोली उघडली तर सर्व्हरच्या पंख्यातून चिखल निघाला, आणि बॅकअपची हार्डडिस्क कुठे होती? त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. थकबाकीची यादी शेवटी वॉर्डाच्या वसुली रजिस्टरांवरून केली, ती पण ओली, एकेक पान इस्त्रीने सुकवून. त्यातही शाईने लिहिलेली पानं गेली आणि बॉलपेनची वाचता आली.

दुसरा पर्याय, दुसऱ्या जागी दुसरा सर्व्हर. इथला डेटा दर पाच-दहा मिनिटांनी तिथे जातो (याला रेप्लिकेशन म्हणतात), इथलं बंद पडलं तर अर्ध्या तासात तिथून काउंटर चालू. ऐकायला भारी आणि खरंच भारी आहे, पण जागा नीट निवडा. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, नदीपाशीच असते, तिथे ठेवण्यात अर्थ नाही, २०१९ ला कोल्हापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि नदी तुडुंब असताना शहर टँकरवर होतं. फिल्टर हाऊस बहुतेक ठिकाणी उंचावर असतं, तिथे चालेल, पण क्लोरीनच्या खोलीपासून लांब, तो वायू सर्किट बोर्ड खातो. दोन्ही जागा एकाच सबस्टेशनवर आहेत का तेही विचारा. आणि खर्च फक्त मशीनचा नाही, दुसरा यूपीएस, दुसरा एसी, दुसरं लायसन्स, मधली लाइन, दोन एएमसी (वार्षिक देखभालीचे करार).

याची एक खोच वेंडर सांगत नाही. एका ठिकाणी ऑपरेटरने टेस्टिंग समजून एका वॉर्डाची पाणीपट्टीची अख्खी मागणीच डिलीट मारली, आणि पाच मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवरची पण इमानदारीत डिलीट झाली. आरशात बघून डाग पुसला जात नाही म्हणतात ना, तसं. रेप्लिकेशन चूक पण कॉपी करतं, म्हणून त्यासोबत जुन्या तारखांच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, पाहिजेतच.

तिसरा क्लाउड. पुराचं, आगीचं टेन्शन नाही. मुंबईत, पुण्यात, हैदराबादेत मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आहेत त्यामुळे डेटा देशाबाहेर जायचा प्रश्न नाही, सरकारी कामाला फक्त केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या यादीतला प्रोव्हायडर लागतो एवढंच. अडचण लाइनची. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसवर चढवायला न थांबता २२ तास, २० एमबीपीएसवर साडेचार दिवस, आणि संकटात परत आणायला पण तेवढेच, वर बाहेर काढायचे बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे. दुसरी अडचण आपल्या ऑफिसची. मशीन घ्यायला भांडवली खर्चातून मंजुरी निघते, पण दर महिन्याच्या बिलाला अकाउंटवाले दमवतात, दर वेळी नवा शेरा. तीन महिने बिल थकलं तर खातं लॉक होईल का, हे करारात वाचूनच सही करा.

तरीपण क्लाउडची एक गोष्ट बाकी दोघांकडे सहज मिळत नाही, ती म्हणजे ठराविक दिवस कुणालाच डिलीट करता येणार नाही असं कुलूप, अगदी अ‍ॅडमिनलाही नाही. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आलं (आणि एमआयडीसी उद्योगांना पाणीही पुरवते हे विसरू नका), नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सला केसपेपर हाताने लिहायची वेळ आली. असले हल्लेखोर आत शिरले की आधी बॅकअप शोधतात, आणि नेटवर्कला कायम जोडलेला नास त्यांना पहिल्या झटक्यात सापडतो. बाय द वे, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सिस्टीमवर कोणी काय केलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात, म्हणजे लॉगची जागा पण धरा.

बॅकअपच्या चुंबकीय टेपचं विचाराल तर एलटीओ ९ प्रकारच्या एका टेपवर १८ टीबी बसतो, कपाटात ठेवली की व्हायरसच्या बापाला सापडत नाही, पण ड्राइव्हच लाखांत जातो. महानगरपालिकेने बघावं, आपल्यासाठी नाही.

आणि सगळ्यांनी विसरलेली गोष्ट, पीएलसीचा (पंप नि व्हॉल्व्ह आपोआप चालवणारा कंट्रोलर) प्रोग्राम आणि एचएमआयचा (ऑपरेटरच्या समोरची स्क्रीन) प्रोजेक्ट. साइज जेमतेम काही एमबी, पेनड्राइव्हवर मावतो, पण बहुतेक ठिकाणी तो फक्त ठेकेदाराच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर असतो आणि त्या पोराने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेली असते. स्काडाचा जुना डेटा गेला तर रिपोर्ट बिघडेल, हा प्रोग्राम गेला तर ऑटोमेशनच पुन्हा लिहून घ्यावं लागेल. पासवर्ड, केबल, लायसन्सचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्ली) सगळं ताब्यात घ्या, तिन्हीपैकी काहीही निवडलंत तरी.

माझ्यापुरतं विचाराल तर तीस-चाळीस हजार जोडण्यांच्या गावाला मी वरच्या मजल्यावर साधा नास घेईन, दोन काढत्या डिस्का दर शुक्रवारी आलटून पालटून फिल्टर हाऊसच्या कपाटात पाठवीन, आणि फक्त बिलिंग, पीएलसीचे प्रोग्राम नि पाइपलाइनचे नकाशे क्लाउडवर ३० दिवसांच्या कुलपात ठेवीन. ड्रोनची चित्रं नाही, ती डिस्कवर पुरेत. दुसरी लाइव्ह साइट लाखाच्या पुढे जोडण्या असतील किंवा वसुली मुख्यत्वे ऑनलाइन असेल तरच, नाहीतर वर्षभरात तिथल्या यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि कुणालाच पत्ता नसतो.

निविदेत मात्र एक अट घाला, मी घालतो. एका ठिकाणी बॅकअपच्या स्क्रीनवर सात महिने रोज हिरवी टिक येत होती आणि फाइली सगळ्या शून्य केबीच्या, मधे डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता एवढंच. तेव्हापासून अट अशी की शेवटचा हप्ता निघायच्या आधी वेंडरने कोऱ्या मशीनवर बॅकअप उतरवायचा आणि आमच्यासमोर आम्ही सांगू त्या वॉर्डाची थकबाकी यादी प्रिंट काढून द्यायची. मागच्या वेळी प्री-बिड मीटिंगला पाच जण आले होते. ही अट वाचून दाखवल्यावर दोघांनी चहा घेतला नि निघून गेले, निविदा उरलेल्या तिघांच्याच आल्या.