जुन्या मारुती ८०० चे व्हॅक्यूम पाईप बदलताय? साधा रबर, सिलिकॉन की ओरिजिनल

कार्बोरेटरवाली ८०० अजून वापरात असेल आणि सिग्नलला उभी असताना रेस आपोआप वरखाली होत असेल तर कार्बोरेटर उघडायला देऊ नका लगेच, आधी बॉनेट उघडून इंजिनाची ओढ (व्हॅक्यूम) इकडेतिकडे पोचवणाऱ्या बारक्या काळ्या पाईपांची टोकं बोटाने दाबून बघा, कडक होऊन तडकली असतील तर तिथून जादा हवा आत शिरते. माझ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरवरचा (प्लगना करंट वाटणाऱ्या भागावरचा) पाईप नुसता ओढला तर कुरडईसारखा कट्कन मोडून हातात आला, आणि त्याआधी दोनदा कार्बोरेटरची सर्व्हिसिंग करून बसलो होतो!

आता बदलायचं ठरलं की प्रश्न येतो कुठला घ्यायचा. दुकानात तीन प्रकार मिळतात.

पहिला, मीटरवर कापून मिळणारा काळा रबरी. स्वस्त, कुठेही मिळतो. पण मागताना नुसता "पाईप द्या" म्हटलं की कधीकधी वायपरच्या पाण्याचा पातळ पाईप हातात येतो, तो इंजिनाच्या ओढीने आत चपटा होतो आणि मग लीक नसूनही गाडी तशीच रडते. जाड भिंतीचा, आत दोरा असलेला पेट्रोलचा पाईप मागा, तो चपटा होत नाही आणि तेल, पेट्रोलच्या वाफेला टिकतो. इंजिनाच्या गरमीने काही वर्षांत पुन्हा कडक होणार हे मात्र धरून चालायचं.

दुसरा सिलिकॉन, निळा-लाल, बॉनेट उघडल्यावर भारी दिसतो म्हणून पोरं सगळीकडे तोच लावतात. गरमीला खरंच बाप आहे, १५० डिग्रीच्या पुढेही मऊच राहतो, वर्षानुवर्षं तडा जात नाही. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, साधं सिलिकॉन पेट्रोल आणि तेलाच्या वाफेत फुगतं, ढिलं पडतं. म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सला (ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या डबीला) किंवा एसी लावल्यावर रेस धरणाऱ्या डायफ्रामला चालेल, पण टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) तेलाची वाफ घेऊन येणाऱ्या पाईपला अजिबात नको. शिवाय पातळ भिंतीचं सिलिकॉनही चपटं होतं, बोटाने दाबून सोडलं की लगेच उसळून गोल व्हायला पाहिजे. मऊ असल्यामुळे निप्पलच्या (पाईप ज्यावर बसतो त्या छोट्या नळीच्या) धारदार कडेवर ओढलात तर चिरतंही.

तिसरा ओरिजिनल, साच्यातून वळण देऊन आलेला. जिथे पाईप एकदम काटकोनात वळतो तिथे याला पर्याय नाही, सरळ पाईप वाकवला की कोपऱ्यात घडी पडते आणि घडी म्हणजे बंद पाईपच. पण जुन्या गाडीचा पार्ट दुकानात किती वर्षं पडून होता कोण जाणे, नवीन पॅकिंगमधला पाईप आधीच कडक निघू शकतो. पैसे द्यायच्या आधी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा.

मी स्वतः काय केलं तर बारके पाईप सिलिकॉनचे, तेलाच्या वाफेचा ओरिजिनल, आणि मधला एक सरळ तुकडा पेट्रोल पाईपचा. सगळा सेट एकाच प्रकारचा घ्यायचा हट्ट मला पटत नाही.

ब्रेक बूस्टर (ब्रेकला इंजिनाच्या ओढीची मदत देणारा डबा) असेल तर त्याच्या पाईपला जुगाड नको. फक्त बूस्टरसाठीचाच पाईप, आणि त्यातला व्हॉल्व्ह उलटा बसवू नका, हवा बूस्टरकडून इंजिनाकडेच गेली पाहिजे. तपासायचं असं की गाडी बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा मारायचा, मग पाय दाबून ठेवून स्टार्टर मारायचा, पेडल थोडं खाली गेलं की बूस्टर काम करतोय.

घरी करणार असाल तर एका वेळी एकच पाईप काढा, आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सगळे एकदम उपटले की कुठला कुठे हे मिस्त्रीलाही लवकर कळत नाही. निप्पलच्या मापापेक्षा किंचित बारीक पाईप घ्या, ढिला घेऊन वर वायर आवळणं म्हणजे आठवड्याचा उपाय. लीक शोधायला गरम इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारणारेही आहेत, ते नको, आग लागते. चालू गाडीत एकेक पाईप पक्कडीने हलकेच दाबा, रेस बदलली तर चोर तिकडेच. (बूस्टरचा पाईप दाबलात तर गाडी जागेवर उभी असतानाच.)

व्हॅक्यूम गेज लावून बघणाऱ्यांसाठी, मुंबईत आयडलिंगला (गाडी नुसती उभी चालू असताना) पाऱ्याचे १८-२० इंच दाखवणारी गाडी पुण्यात दोनेक इंच कमी दाखवते, उंचीमुळे, दर हजार फुटाला साधारण एक इंच. त्यावरून पुन्हा लीक शोधत बसू नका.

आणि पाईप बदलल्यावर रेस आणि मिक्स्चरचा स्क्रू परत सेट करून घ्या. लीक होता तेव्हा आत जादा हवा जात होती म्हणून कुणीतरी पेट्रोल वाढवून ठेवलेलं असतं, ते तसंच राहिलं तर गाडी काळा धूर टाकेल आणि पीयूसीला अडकाल.