नाव माझं, नंबर त्याचा

बँकेतल्या गृहकर्जाच्या टेबलावरचा मुलगा माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असेल. त्याने माझ्या प्राप्तिकर विवरणपत्राच्या पोचपावतीवरचा पंधरा आकडी नंबर संगणकात टाकला, थांबला, पुन्हा टाकला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "मॅडम, हा नंबर येतच नाहीये." म्हटलं, साइट बंद असेल. तो भिडस्त होता बिचारा. वाद न घालता त्याने दुसऱ्या वर्षाची पावती घेतली. ती पण नाही.

ही जानेवारी २०२४ मधली गोष्ट. दोन्ही पावत्या मला माझ्या मॅनेजरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या होत्या. माझं नाव, माझा पॅन, सगळं बरोबर. फक्त ती विवरणपत्रं कुणी भरलीच नव्हती. जुन्या पीडीएफमध्ये आकडे बदलून दिले होते.

मी पुण्यात गाते. सुरुवात २००८ मध्ये चार जणांच्या बँडने झाली. कोरेगाव पार्कातल्या पबमध्ये आम्ही न्यू वेव्ह प्रकारची इंग्रजी गाणी करायचो, त्यातही ब्लाँडी या अमेरिकन बँडची जास्त. त्यांच्या 'हार्ट ऑफ ग्लास'च्या आधी मी त्यांची गायिका डेबी हॅरी हिचा एक किस्सा हमखास सांगायचे. १९७९ ते १९८१ मध्ये या बँडची चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. १९८२ मध्ये बँड मोडला. तिचा जोडीदार आणि गिटारवादक ख्रिस स्टाइन पेम्फिगस नावाच्या त्वचेच्या दुर्मीळ आजाराने आडवा झाला. ती त्याच्या उशाशी बसलेली असताना कळलं, की त्यांच्या हिशेबनिसाने दोन वर्षांचा कर भरलेलाच नाही. ती वर्षंही नेमकी ऐन कमाईची. मॅनहॅटनमधलं घर गेलं. "म्हणून मंडळी, नवरा निवडताना चुकलात तरी चालेल, सीए नीट निवडा," असं मी म्हणायचे आणि आमचा ड्रमर झांजेवर एक टोला द्यायचा. लोक खूप हसायचे.

हा किस्सा मी कमीत कमी शंभर वेळा सांगितला असेल. तरी माझं हे असं झालं.

बँड सुटला, मी माझी मराठी गाणी करायला लागले. कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, दिवाळी पहाट, कुणाच्या लग्नातलं संगीत असं सुरू झालं. एका दिवाळी पहाटेला साउंडवाल्यांसोबत आलेला एक माणूस ओळखीचा झाला. वागायला अगदी घरच्यासारखा. माझ्या आईला काकू म्हणायचा, तिच्या गुडघ्याच्या गोळ्या आणून द्यायचा. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आणायला लागला, वाटाघाटी करायला लागला, आणि २०२१ मध्ये रीतसर मॅनेजर झाला. "ताई, तुम्ही फक्त गा. कागदांचं माझ्यावर सोडा." कागद म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो, त्यामुळे मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. आपल्याला मॅनेजर आहे!

त्याने कामाच्या नावाने एक चालू खातं काढायला लावलं. खातं माझंच, पॅन माझा, सह्या माझ्या. बँकेच्या फॉर्मवर मोबाइल आणि ई-मेल मात्र त्याचा, "कारण ताई, तुम्ही स्टेजवर असताना ओटीपी आला तर कुणी बघायचा?" मला ते पटलं होतं. आयकराच्या पोर्टलवरही त्याचाच नंबर गेला. चेकबुकातले दहा-बारा चेक मी सह्या करून दिले. वादकांची पाकिटं त्याच रात्री द्यावी लागतात, हे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं.

आता आकडे सांगते. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीचा कार्यक्रम होता. मला सांगितलेलं मानधन ४०,०००. त्यातून ४,००० टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, आणि ६,००० त्याचं १५ टक्के कमिशन गेलं. हातात ३०,०००. मी खूश. त्या जानेवारीत बँकेतून घरी आल्यावर रात्री आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड बदलला. आधारला सुदैवाने माझाच नंबर होता, त्यामुळे ते जमलं. २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर कुणी किती पैसे दिले आणि किती कर कापला याचा तक्ता, उघडला. त्यात त्याच कंपनीच्या नावापुढे लिहिलं होतं: दिलेली रक्कम ७५,०००, कापलेला कर ७,५००. म्हणजे माझ्या खात्यात ६७,५०० आले होते. त्यातले ३०,००० मला, ३७,५०० त्याला. माझ्या गाण्याची बिदागी त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळत होती, आणि वर मी त्याला कमिशन देत होते.

त्या पानावर अशा बावीस नोंदी होत्या. पहाटेपर्यंत मी वहीत एकेक उतरवत बसले. काही कार्यक्रमांचा गाडीखर्चसुद्धा मी पदरचा केला होता, कारण "आयोजकांचं बजेट टाइट आहे, ताई."

करासाठी म्हणून त्याने दोन वर्षांत माझ्याकडून २,६०,००० रुपये नेले होते. ते पुढे गेलेच नाहीत. नोटिसा आल्या होत्या, पण त्याच्या ई-मेलवर. चूक दुरुस्त करायला अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, २०२२ पासून ती सोय आहे. फुकट नाही. मूळ कर, त्यावर महिन्याला १ टक्क्याच्या हिशेबाने व्याज, उशिराचे वर्षाला ५,०००, आणि कर-व्याजाच्या बेरजेवर आणखी २५ टक्के. तेही माझ्यासारखीने लवकर भरलं म्हणून, अजून वर्षभर गेलं असतं तर ५० टक्के. शिवाय मी कधी डोळ्यांनी न पाहिलेले ३७,५००सुद्धा कागदोपत्री माझंच उत्पन्न. त्याला दिल्याची पावती कुठाय? माझ्या नव्या सीएबाईंनी हे विचारलं तेव्हा मी नुसती बघत राहिले. एकूण साधारण ५,७०,००० गेले. आईच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. ती एका शब्दाने बोलली नाही, फक्त "तो गोळ्यांचे पैसे पण घेत नव्हता गं" एवढंच म्हणाली.

पैशांपेक्षा गाण्यांचं जास्त लागलं. डेबी हॅरीच्या किश्शाचा दुसरा भाग मी स्टेजवर कधी सांगत नसे, कारण त्यात हशा नव्हता. घर गेलं, पण बऱ्याच गाण्यांवर तिचं आणि स्टाइनचं नाव होतं. १९९९ मध्ये पुन्हा जुळलेल्या बँडचं 'मारिया' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं तेव्हा ती ५३ वर्षांची होती. २०२० मध्ये दोघांनी १९७ गाण्यांमधले आपले हक्क विकले. विकायला हातात काहीतरी होतं!

मी माझी सहा गाणी उघडून बघितली. चार गाण्यांवर संगीतकार म्हणून माझ्या शेजारी त्याचं नाव. ज्याला 'सा' लागत नाही, तो माझा सहसंगीतकार! अपलोड करणारं खातं त्याच्या ई-मेलवर, त्यामुळे फॉर्ममध्ये तो भरेल ते खरं. मला वाटायचं कायदा आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. पण त्याने माझ्याकडून काही लिहून घेतलंच नव्हतं. तो सरळ संगीतकार होऊन बसला होता. आता चाल माझी आहे हे मला सिद्ध करायचंय. जुन्या फोनमध्ये मी गुणगुणलेल्या चाली सापडल्या, २०१८ च्या तारखेसकट, म्हणजे तो आयुष्यात येण्याच्या आधीच्या. एकीत मागे कुकरची शिटी ऐकू येते. वकील म्हणाले, शिटी राहू द्या, पुसू नका.

पोलिसांकडे अर्ज दिला. "हे दिवाणी स्वरूपाचं दिसतंय, मॅडम," असं पहिल्या दिवशी ऐकलं. मग बनावट पावत्या, २६एएस आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी लावून नेलं, तेव्हा जबाब घेतला. मॅनेजरला मी फोन केला होता. तो चिडला नाही, घाबरला नाही. "ताई, तुम्ही दुसऱ्यांचं ऐकून आपलं नातं खराब करताय," म्हणाला.

तुम्ही गात असाल, वाजवत असाल, निवेदन करत असाल, तर हे वाचून झाल्यावर आजच पोर्टलवर जा आणि तिथे कुणाचा मोबाइल नंबर आहे तो बघा. बँकेत बघा. गाणी जिथून अपलोड होतात तिथेही बघा. मॅनेजर ठेवू नका असं मी म्हणणार नाही, तारखा सांभाळायला माणूस लागतोच. पण २६एएस तीन महिन्यांतून एकदा स्वतः उघडा, त्याला पाच मिनिटं लागतात. सही केलेला कोरा चेक सख्ख्या भावालासुद्धा देऊ नका. आणि आयोजकाला कार्यक्रमानंतर एक साधा मेसेज करा, "अमुक इतके मिळाले, आभारी आहे." मी तो एकदा जरी केला असता, तरी त्या हिंजवडीवाल्या बाईंनी तेव्हाच सांगितलं असतं. नंतर भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्ही फार मोठ्या झालात, स्वतः बोलत नाही."

परवा सांगलीहून एका गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याने मला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं. जुन्या पोस्टरवरच्या नंबरवर त्याने आधी फोन केला होता. तिथे त्याला सांगितलं, "ताईंनी गाणं सोडलं. दुसऱ्या एक मॅडम आहेत, त्यांची तारीख देऊ का?"