क्यू गार्डन्सची ख्रिसमस रोषणाई: मांडववाल्याच्या नजरेतून

ठाण्यात मंडळांची रोषणाई करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे लंडनला लेकीकडे आल्यावर क्यू गार्डन्स या तिथल्या वनस्पती उद्यानातली रोषणाई बघणं भागच होतं. २०१३ पासून दर हिवाळ्यात भरणारी ही दिव्यांची वाट साधारण तीन किलोमीटरची आहे. तिकिटावर आत शिरण्याची वेळ असते आणि वाट एकेरी, म्हणजे समोरून लोंढा येत नाही.

मला आवडला तो अंधार! दोन देखाव्यांच्या मध्ये मुद्दाम काळोख सोडलाय. डोळे निवतात, मग पुढचा साधा पिवळा दिवाही उठून दिसतो. आपण मात्र एक फूटही मोकळा ठेवत नाही. झाडांवरचा प्रकाश खालून, खोडाला घासून वर जातो. सालीची प्रत्येक भेग दिसते. दिव्यांची कमानदार भुयारं फोटोवाल्यांसाठी ठीक.

खरी कमाल पाम हाऊसची. १८४८ साली पूर्ण झालेलं ते लोखंड-काचेचं घर, समोर तळं, वर लेझर; पाण्यात सगळं दुप्पट. तिथे संगीत संपेपर्यंत हलू नका.

तिकीट महाग आहे. जाड मोजे घाला, लहान मुलं असतील तर लवकरची वेळ घ्या.