कॅन्डिडा ऑरिस: आधी कॅस्पोफंजिन की अँफोटेरिसिन?
आयसीयूत कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचा रिपोर्ट आला की फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध बहुतेक वेळा बादच, ती त्याला दाद देत नाही, मग उरतात मेन दोन औषधं, कॅस्पोफंजिन आणि अँफोटेरिसिन. (2009 साली जपानमधल्या एका बाईच्या कानात सापडल्याची नोंद झाली म्हणून नाव ऑरिस, लॅटिनमधे कान.)

मोठ्या माणसाला आधी कॅस्पोफंजिनच, पहिल्या दिवशी 70 मिग्रॅ मग रोज साधारण 50, तासाभरात ड्रिप संपते, किडनीला फारसा त्रास नाही, लिव्हरच्या टेस्ट तेवढ्या बघायच्या. पण लघवीत, मेंदूत, डोळ्यात ते नीट पोचतच नाही, तिथे अँफोटेरिसिनकडे वळावं लागतं, आणि पाच दिवसांनंतरही ब्लड कल्चर (रक्तात बुरशी आहे का ती टेस्ट) पॉझिटिव्हच येत असेल तरी.

अँफोटेरिसिन म्हणजे सिस्टरांची परीक्षाच हो, पेशंट हुडहुडी भरून दात वाजवतो, पोटॅशियम घसरतं, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) रोज बघा. लायपोसोमलमधे, म्हणजे चरबीच्या बारीक कणांत गुंडाळलेल्या अँफोटेरिसिनमधे, हे बरंच कमी, पण बिल बघून नातेवाईक गप्प होतात.

आणि अँफोटेरिसिन डेक्स्ट्रोजमधेच (साखरेच्या सलाइनमधे) द्यायचं, नॉर्मल (मिठाच्या) सलाइनमधे टाकलंत तर साका बसतो, कॅस्पोफंजिनचं बरोब्बर उलटं, त्याला डेक्स्ट्रोज चालत नाही! म्हणून आम्ही दोन्ही बाटल्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावतो.