कास्ट आयर्न बुलेट ३५०: जाम झालेली किक आणि त्यानंतरचे महिने

गाडी १९८४ ची, म्हणजे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचं जुनं इंजिन. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. पॉवर, ॲव्हरेज, आवाज यावर लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. मी लिहितोय फक्त किकबद्दल, कारण गेल्या पावसाळ्यापासून या गाडीने जेवढा मनस्ताप दिला तो सगळा किकमुळेच.

सायनच्या सिग्नलला गाडी बंद पडली. किक मारली तर अर्ध्यावर जाऊन अडकली. वर येईना, खाली जाईना. टेम्पो करून जवळच्याच एका वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसाने गाडीला हातसुद्धा न लावता निदान केलं: इंजिन जाम, गिअरबॉक्स गेला, दोन्ही खोलावे लागतील, बावीस हजार. एवढे कसे विचारलं तर म्हणाला, "विंटेज गाडी आहे साहेब." २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. माझी अजून त्यात बसत नाही, पण बिलात मात्र आधीच बसली. पुन्हा टेम्पोचे पैसे भरले आणि गाडी घरी भांडुपला आणली. त्या निदानाचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये बेस्टच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पहिला गिअर टाक, क्लच दाबून धर आणि गाडी हळूहळू मागे ढकल. पाय किकपासून लांब ठेव." दीड-दोन फूट मागे गेली आणि खट् आवाज करून किक वर आली.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्समधल्या लेशाफ्टवरून (गिअर बसवलेला एक दांडा), मग क्लच आणि प्रायमरी चेनमार्गे (क्लच आणि इंजिन जोडणारी चेन) इंजिनला जातो. पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे ढकलली की लेशाफ्ट उलटा फिरतो आणि अडकलेल्या किकला वर लोटतो. म्हणूनच किक अर्ध्यावर अडकलेली असताना गाडी धक्का मारून चालू करायची नाही. तेव्हा लेशाफ्ट सुलटा फिरतो, किकला खाली ओढून नेतो आणि सगळा मार कव्हरवर बसतो. कव्हर फुटलं की मग खरंच हजारांत खर्च.

किक सुटल्यावर इंजिन तपासलं. मेन स्टँड, प्लग बाहेर, टॉप गिअर, आणि मागचं चाक हाताने फिरवलं. प्लगच्या भोकातून फस्स फस्स हवा आली, म्हणजे पिस्टन मोकळा. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल आणि सिलिंडरमध्ये पाणी जाऊन रिंगा गंजल्या असतील तर चाक असं फिरणार नाही, ते खरं इंजिन जाम. आणि बरेच दिवस उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीत, उतरलं असेल तर किक जड लागते, पण अडकत नाही. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. बावीस हजार सांगणाऱ्याने तेवढी तरी द्यायला हवी होती.

मग उजवीकडचं कव्हर उघडलं. किक शाफ्टच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढा एक पॉल असतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्रे असतात तसाच, फक्त इथे तो एकटाच सगळा भार घेतो. लेशाफ्टच्या पहिल्या गिअरला आतून दाते असतात, त्यात तो अडकतो आणि किक पकडते. आमच्या पॉलची धार गोल झाली होती आणि एक कोपरा उडाला होता. काकांनी गिअरबॉक्समधलं सगळं ग्रीस वर्तमानपत्रावर काढलं आणि चिमटीने थोडं थोडं घेऊन बोटांत चोळत बसले. उडालेला तुकडा सापडेपर्यंत मला कव्हरखालचं नवं पॅकिंग कापू दिलं नाही. सापडला तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरचा होता. तोच पॉल आणि दात्याच्या मध्ये बसला होता.

पॉल, त्याला वर दाबून धरणारा प्लंजर आणि स्प्रिंग ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडून आणलं, साडेतीनशेत. तिथे दोन प्रकारचे पॉल दाखवतात. चकचकीत आणि स्वस्त दिसतो त्याच्या धारेवर कानस फिरवून बघा. कानस लागली तर लोखंड मऊ आहे, घेऊ नका. नीट हार्डनिंग केलेल्यावरून कानस घसरते. दुकानदाराने नाक मुरडलं, पण कानस दिली.

इथवरचं मी दिवाळीत लिहून ठेवलं होतं. तेव्हाचं मत असं की पॉल बदलला, विषय संपला, साडेतीनशेत बावीस हजारांचं काम झालं. जानेवारीत हे मत बदललं.

थंडी पडली आणि गाडी उलटी किक मारायला लागली. एकदा तर पोटरीपर्यंत झिणझिण्या आल्या. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, पण पहिला पॉल मेला कशाने, ते कुठे बघितलंय आपण?"

पॉइंटची, म्हणजे स्पार्क कधी पडायचा ते ठरवणाऱ्या संपर्काची, प्लेट काढली. खाली ऑटो ॲडव्हान्सची दोन वजनं असतात. इंजिनचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि स्पार्क लवकर पडतो, वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. पावसाळ्याच्या दमटपणाने आमची वजनं गंजून बाहेरच अडकली होती. म्हणजे किक मारतानाही स्पार्कचं टायमिंग पूर्ण पुढे. भरीला त्याच्या आधी एका सर्व्हिसला "पिकअप वाढवून देतो" म्हणत कुणीतरी पॉइंटचा गॅपही वाढवून ठेवला होता, आणि गॅप वाढला की टायमिंग आणखी पुढे जातं. पिस्टन वर पोचायच्या आधीच स्पार्क पडून तो उलटा फेकला जायचा, आणि तो धक्का चेन, क्लच, गिअरबॉक्स असा उलट प्रवास करत थेट त्या एकट्या पॉलवर.

वजनं डिझेलमध्ये धुतली, पिनांवर तेलाचा थेंब सोडला, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये आणला, टायमिंग नव्याने लावलं. नव्या पार्टचा खर्च शून्य. त्या दिवसापासून किक अशी लोण्यासारखी झाली आहे की माझी बायकोही सकाळी हौसेने मारून बघते. म्हणून ज्यांची किक घसरते, कट् कट् करते किंवा अडकते, त्यांनी पॉल बदला, पण त्याच दिवशी ॲडव्हान्सची वजनं हाताने उघडून सोडून बघा, आपोआप आत जातात का. जात नसतील तर नवा पॉलसुद्धा त्याच वाटेने जाणार.

मारण्याची पद्धतही महत्त्वाची. न्यूट्रल, क्लच सोडलेला. किक हळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून थोडी पुढे न्या, किक वर येऊ द्या. मग पायाने हलकं दाबून पॉलने दाता धरल्याची खात्री करा आणि पूर्ण लांबीची एकच किक. वरूनच धाडकन पाय मारला की पॉल दात्याच्या टोकावर आपटतो आणि कोपरा उडतो. सिग्नलला मागून हॉर्न वाजत असले तरी हे टाळू नका.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दलही मत बदललं. कव्हर लावताना सगळ्यांचं ऐकून ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं होतं. गिअर छान पडायचे, पण पार्किंगमध्ये रोज सकाळी डाग, आणि सोसायटीची नोटीस. हा गिअरबॉक्स मुळात ग्रीससाठी केलेला आहे, पातळ ऑइल त्यात टिकत नाही. आता अर्धपातळ ग्रीस भरलंय. थंडीत पहिला गिअर जरा जड पडतो, पण लादी कोरडी आहे.

किक शाफ्टच्या बुशमधून (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) अजून किंचित ओल येते. बुश आणून ठेवलाय. क्लच केबल बदलायला कव्हर उघडेन तेव्हा तोही बसवेन, नुसत्या बुशसाठी पॅकिंगचे पैसे दोनदा घालणार नाही.